बंदी नेमकी कशावर? आकाशातील पट्टे, कृत्रिम पाऊस आणि सूर्यप्रकाश अडवण्याच्या योजना

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भलतीकडे जाणार नाही. आपण फ्लोरिडात टॅम्पाजवळ राहता. तेथे १ जुलै २०२५ पासून हवामानात हस्तक्षेप करणे आणि भू-अभियांत्रिकी (म्हणजे तापमान किंवा सूर्यप्रकाश मुद्दाम बदलण्याचे उपाय) करणे हा गंभीर गुन्हा ठरला आहे. आता आकाशातले पांढरे पट्टे बंद होतील, असे आपले शेजारी सांगतात. सांगोल्याकडचे आपले बंधू विचारतात की दुष्काळात आमच्याकडे विमानातून ढगांत जी फवारणी करतात, तीही मग घातक आहे का. अशी सरसकट बंदी योग्य आहे का आणि भारतानेही ती आणावी का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

माझे काम ढगांच्या भौतिकशास्त्रातले, आणि त्यातही मुख्यतः कृत्रिम पावसाच्या प्रयोगांतले आहे. ढग निवडणे, रडारवर त्याचा माग ठेवणे आणि ढगांत कण पेरण्याचा, म्हणजे बीजनाचा, परिणाम खरोखर झाला की नाही हे नंतर आकडेवारीतून तपासणे, यातच माझी नोकरी गेली. त्यामुळे या विषयात माझे हितसंबंध आहेत, हे लक्षात ठेवूनच माझे म्हणणे वाचावे.

माझ्या मते खरी अडचण अशी आहे की तीन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली आणि एकाच कलमाखाली आणल्या गेल्या आहेत. पहिली गोष्ट विमानामागे उमटणारे पट्टे, दुसरी ढगांत बीजन करून थोडा जास्त पाऊस किंवा बर्फ पाडण्याचा प्रयत्न, आणि तिसरी पृथ्वीवर येणारा सूर्यप्रकाशच कमी करण्याच्या योजना. पहिल्या गोष्टीत हेतूच नसतो, दुसरीचा आवाका एखाद्या तालुक्याएवढा असतो आणि तिसरीचा आवाका साऱ्या पृथ्वीएवढा आहे. बंदी असावी का, या प्रश्नाचे उत्तर तिन्हींसाठी निरनिराळे येते.

पट्ट्यांचा विषय आधी संपवतो. एक किलो विमान इंधन जळले की सुमारे सव्वा किलो पाण्याची वाफ तयार होते. दहा-बारा किलोमीटर उंचीवर तापमान उणे चाळीस अंशांच्या आसपास किंवा त्याहून खाली असते, त्यामुळे ती वाफ इंजिनमागे लगेच गोठते आणि बर्फाच्या बारीक कणांची रेघ दिसते. भोवतालची हवा कोरडी असली तर ती रेघ मिनिटाभरात विरते. हवा आधीच बर्फाचे कण विरू न देण्याइतकी दमट असली, तर तीच रेघ तासन्‌तास टिकते, पसरते आणि पातळ ढगासारखी दिसू लागते. एकाच सकाळी एका विमानाची रेघ विरते आणि दुसऱ्याची टिकते, कारण दोघांच्या उंचीवरचा ओलावा वेगळा असतो. गुप्त फवारणीच्या दाव्याबाबत २०१६ मध्ये वातावरणशास्त्र आणि भू-रसायनशास्त्रातील ७७ तज्ज्ञांना विचारण्यात आले, तेव्हा ७६ जणांनी त्याचा पुरावा दिसत नसल्याचे सांगितले.

हे पट्टे मात्र निरुपद्रवी नाहीत. ते जमिनीकडून वर जाणारी उष्णता अडवतात आणि हवाई वाहतुकीमुळे होणाऱ्या तापमानवाढीत त्यांचा मोठा वाटा आहे. म्हणून विमानांची उंची किंचित बदलून दमट थर टाळण्याचे प्रयोग सुरू आहेत, आणि पट्टे कमी व्हावेत असे ज्यांना मनापासून वाटते त्यांनी त्या प्रयत्नांना पाठिंबा द्यावा. फ्लोरिडाचा कायदा तापमान, हवामान किंवा सूर्यप्रकाश बदलण्याच्या हेतूने पदार्थ सोडण्याला गुन्हा ठरवतो, आणि प्रवासी विमानाच्या धुराड्यात तो हेतूच नसल्यामुळे पट्टे या कायद्याने कमी होणार नाहीत. मला काळजी वाटते ती पुढची. ज्यांना पट्टे बंद होतील असे सांगितले गेले आहे, त्यांना उद्याही ते दिसणार आहेत, आणि कायदा होऊनही कुणीतरी गुपचूप फवारतच आहे, असा त्यांचा ग्रह अधिकच पक्का होईल.

आता माझ्या कामाच्या विषयाकडे येतो. येथे मला थोडे लांबवावे लागेल, कारण आपल्या बंधूंचा प्रश्न येथेच आहे.

ढगातले पाणी शून्य अंशाला गोठतेच असे नाही. उणे दहा-पंधरा अंशांतही असंख्य बारीक थेंब द्रवरूपात तरंगत असतात, कारण बर्फाचा स्फटिक बनायला जो कण आधाराला लागतो तो त्यांना मिळालेला नसतो. व्हिन्सेंट शेफर यांनी १९४६ मध्ये अमेरिकेत अशा अतिशीत थेंबांवर कोरडा बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) टाकून स्फटिक बनवून दाखवले, आणि त्याच वर्षी बर्नार्ड व्हॉनेगट यांनी सिल्व्हर आयोडाइडचे कण तेच काम करतात हे शोधले, कारण त्यांची रचना बर्फाच्या स्फटिकाशी मिळतीजुळती असते. सोलापूर-मराठवाड्याकडे पावसाळ्यात जे ढग येतात, त्यांच्या तळाकडील उबदार भागासाठी दुसरी पद्धत वापरतात. त्यात विमानाच्या पंखाला लावलेल्या फ्लेअर (क्षार भरलेल्या जळत्या नळ्या) पेटवून कॅल्शियम क्लोराइडसारख्या ओलावा शोषणाऱ्या क्षाराचे कण ढगाच्या तळाशी सोडले जातात. वर चढणारी हवा ते कण ढगात ओढून नेते, त्यांच्याभोवती मोठे थेंब बनतात आणि थेंब एकमेकांवर आदळून वाढण्याची क्रिया लवकर सुरू होते. दोन्ही पद्धतींत ढग आधीच असावा लागतो, त्यात पुरेसे पाणी असावे लागते आणि हवा वर चढत असावी लागते. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीत प्रदूषण धुऊन काढण्यासाठी बीजन करून पाहिले, पण ढगांत ओलावाच फार कमी होता आणि पाऊस जवळजवळ पडलाच नाही. त्यात अनपेक्षित असे काही नव्हते.

पाऊस पडला तर तो बीजनामुळे पडला हे ओळखायचे कसे, हा या क्षेत्रातला सर्वांत अवघड प्रश्न आहे. पावसाळी ढग तसाही बरसणारच असतो. तो किती बरसला असता हे कुणालाच सांगता येत नाही, कारण शेजारी शेजारी उभे असलेले दोन ढगही सारखे नसतात. म्हणून शिस्तीच्या प्रयोगात लिफाफ्याची पद्धत पाळली जाते. वैमानिक ढगाच्या तळाखालून विमान नेतो, हवा पुरेशा वेगाने वर चढते आहे का ते पाहिले जाते, पंखाखालच्या उपकरणांवर थेंबांचा आकार आणि पाण्याचे प्रमाण तपासले जाते, आणि हा ढग निकषात बसतो अशी वेळेसह नोंद झाल्यावरच बंद लिफाफा उघडला जातो. आत चिठ्ठी असते, पेरा किंवा पेरू नका. चिठ्ठी नकाराची निघाली तर हातातला उत्तम ढग तसाच सोडून द्यावा लागतो. खाली शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असताना हे करणे मनाला जड जाते, आणि तरी ते करावेच लागते, कारण न पेरलेल्या ढगांशी तुलना केल्याशिवाय पेरलेल्या ढगांबद्दल काहीही सांगता येत नाही.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने सोलापूर परिसरात २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत असा यादृच्छिक प्रयोग केला. त्यात २७६ ढग निवडले गेले, काही पेरले गेले आणि काही मुद्दाम सोडले गेले. बीजनाच्या ठिकाणापासून वाऱ्याच्या दिशेला सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी १८ टक्के वाढ दिसली. योग्य ढग, योग्य वेळ आणि योग्य जागा जुळली तर एवढे होऊ शकते, असा त्याचा अर्थ. संपूर्ण जिल्ह्याचा पाऊस १८ टक्क्यांनी वाढला, असा त्याचा अर्थ कुणी लावू नये.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. इस्राएलने कित्येक दशके बीजनाचा कार्यक्रम चालवला आणि २०१३ ते २०२० या काळात त्याची कसून चाचणी घेतली, तेव्हा वाढ दोन टक्क्यांच्याही आत निघाली आणि ती योगायोगापासून वेगळी काढता आली नाही. कार्यक्रम थांबवण्यात आला. अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने डिसेंबर २०२४ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात परिणाम शून्यापासून २० टक्क्यांपर्यंत दिसतो. आणि आपण राहता त्या फ्लोरिडातच १९७० च्या दशकात या शास्त्रातला एक फार महत्त्वाचा प्रयोग झाला होता. दक्षिण फ्लोरिडातील ढगांवर १९७० ते १९७६ या पहिल्या टप्प्यात उत्साहवर्धक निष्कर्ष आले. १९७८ ते १९८० या दुसऱ्या टप्प्यात, काय तपासायचे ते आधीच जाहीर करून प्रयोग पुन्हा केला, तेव्हा त्या निष्कर्षांना दुजोरा मिळाला नाही. आमच्या पिढीने सावधपणा त्या दुसऱ्या टप्प्याकडून घेतला. असा प्रयोग आज फ्लोरिडात करू पाहणारा संशोधक गुन्हेगार ठरेल.

महाराष्ट्र शासनाने २००३, २०१५ आणि २०१९ मध्ये कृत्रिम पावसाच्या मोहिमा राबवल्या. अशा मोहिमा दिलासा देण्यासाठी असतात, पुरावा मिळवण्यासाठी नसतात. मिळेल तो प्रत्येक ढग पेरायचा असतो आणि तुलनेसाठी काही शिल्लक राहत नाही. म्हणून अशा मोहिमेनंतर जाहीर होणारे अमुक मिलिमीटर जादा पावसाचे आकडे मी कधीच शंका न घेता स्वीकारत नाही, आणि बंधूंनीही स्वीकारू नयेत.

घातकपणाबद्दल विचारले आहे. सिल्व्हर आयोडाइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, एका ढगासाठी लागते ते ग्रॅमांत मोजण्याएवढेच, आणि बीजन केलेल्या भागांतल्या पावसात व बर्फात चांदीचे जे प्रमाण मोजले गेले आहे ते लिटरमागे मायक्रोग्रॅमच्याही लहान अंशात भरते. एकाच डोंगररांगेवर वर्षानुवर्षे बीजन होत असेल तर माती आणि पाण्याची नियमित तपासणी मागणे रास्त आहे. आपला पाऊस पळवला जातो का, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. वाऱ्याच्या दिशेला पुढच्या भागांत पाऊस घटल्याचे अभ्यासांत ठोसपणे आढळलेले नाही. वर निघून जाणाऱ्या ओलाव्याच्या तुलनेत एका ढगातून जास्तीचे पडलेले पाणी फारच थोडे असते, हे त्याचे कारण.

मग लोक इतके संतापतात का? येथे टेक्सासच्या महापुराचा उल्लेख टाळता येणार नाही. ४ जुलै २०२५ च्या पहाटे ग्वाडालूप नदीला अचानक पूर आला आणि केर काउंटीसह त्या पट्ट्यात १३० हून अधिक माणसे गेली, त्यांत शिबिराला आलेल्या लहान मुली होत्या. दोनच दिवस आधी, २ जुलैला, तेथून शंभर मैलांहून दूर आग्नेयेला एका खासगी कंपनीने दोन ढगांत बीजन केले होते. ते समजताच पुराचा दोष त्या बीजनावर आला, कंपनीच्या प्रमुखाला धमक्या आल्या, आणि अमेरिकी संसदेच्या तेव्हाच्या सदस्य मार्जोरी टेलर ग्रीन यांनी देशभर बंदी आणणारे विधेयक मांडत असल्याचे जाहीर केले.

मुले गमावलेल्या माणसांनी कारण शोधणे स्वाभाविक आहे, त्यांना कुणी मूर्ख म्हणू नये. परंतु हिशेब पाहा. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे वापरलेले सिल्व्हर आयोडाइड सुमारे ७० ग्रॅम होते, आणि ते दोन ढग काही तासांतच विरले होते. हजार चौरस किलोमीटरवर २५ सेंटीमीटर पाऊस पडला तर ते २५ कोटी घनमीटर पाणी होते, म्हणजे आपले खडकवासला धरण चार वेळा भरून उरेल इतके. तेवढी वाफ आधीच हवेत असावी लागते, आणि त्या आठवड्यात ती होती, कारण बॅरी या उष्णकटिबंधीय वादळाचे अवशेष मेक्सिकोच्या आखाताकडून ओलावा घेऊन टेक्सासवर आले होते. बीजनाने ढगातले पाणी थोडे लवकर किंवा थोडे जास्त खाली येते. त्याने समुद्रावरून वाफ आणता येत नाही.

या प्रकरणातली जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, तिच्याकडे चर्चेत फारसे कुणी पाहिले नाही. विमान कधी उडाले, कोणत्या ढगात काय सोडले आणि किती सोडले, हे आपण आज बोलू शकतो, कारण टेक्सासमध्ये या कामाला राज्याचा परवाना लागतो आणि नोंदी ठेवाव्या लागतात. त्याशिवाय १९७१ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे अमेरिकेत हवामानात हस्तक्षेप करणाऱ्या प्रत्येकाला वाणिज्य खात्याकडे आगाऊ सूचना आणि नंतर अहवाल द्यावा लागतो. आरोप खोडून काढायला नोंदी उपयोगी पडल्या, आणि आरोप खरा असता तर तो सिद्ध करायलाही त्याच उपयोगी पडल्या असत्या. काम होत असेल आणि नोंद नसेल, तर यांपैकी काहीच हाती राहत नाही.

नोंदींचे महत्त्व इतिहासातूनही दिसते. ऑक्टोबर १९४७ मध्ये अमेरिकी संशोधकांनी समुद्रावरच्या एका चक्रीवादळात कोरडा बर्फ टाकला, त्यानंतर ते वळले आणि जॉर्जियातील सॅव्हाना परिसरावर आदळले. वादळ बीजनाच्या आधीच वळू लागले होते हे पुढे स्पष्ट झाले, पण तोवर लोकांच्या मनात जे बसायचे ते बसले होते. आणि सरकारवर अविश्वास ठेवायला लोकांकडे खरे कारणही आहे. १९६७ ते १९७२ या काळात, व्हिएतनाम युद्धात, अमेरिकी लष्कराने शत्रूच्या हो ची मिन्ह मार्गावरील रसद अडवण्यासाठी पावसाळा लांबवण्याच्या हेतूने ढगांत गुप्तपणे बीजन केले. ते उघड झाल्यावर जी खळबळ उडाली, तिच्यातूनच हवामानाचा शत्रुत्वाच्या हेतूने वापर करण्यास मनाई करणारा आंतरराष्ट्रीय करार १९७६ मध्ये स्वीकारला गेला, आणि भारतही १९७८ पासून त्यात आहे. तेव्हा सरकारे असे कधी करतच नाहीत, असे मी आपल्या शेजाऱ्यांना सांगू शकत नाही. एका सरकारने ते लपवून केले होते.

तक्रारीची आणखी एक बाजू आहे, तिचा शास्त्रापेक्षा हक्काशी संबंध आहे. १९५८ मध्ये टेक्सासमध्ये काही पशुपालक न्यायालयात गेले. शेजारच्या शेतकऱ्यांनी गारपीट टाळण्यासाठी भाड्याने घेतलेली विमाने आमच्या माळावरचे ढग मोडतात, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने त्यांच्या जमिनीवरच्या आकाशात बीजन करण्यास मनाई केली. मेक्सिकोत पुएब्ला येथे २०१८ मध्ये फोक्सवॅगनच्या कारखान्याने आवारातल्या नव्या गाड्यांना गारांपासून वाचवण्यासाठी आवाजी तोफा लावल्या, आणि भोवतालच्या शेतकऱ्यांनी त्यामुळे पाऊस गेल्याची तक्रार केली. अशा तोफांनी गारा थांबतात याला शास्त्रीय आधार नाही, त्यामुळे पाऊस थांबतो यालाही नाही. आपल्याकडे साताऱ्या-सांगलीच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा त्या ढग पळवतात अशीच चर्चा गावोगाव होती. मी अशा लोकांशी बोलतो तेव्हा ढगाच्या भौतिकशास्त्रापाशी सुरुवात करत नाही. आमच्या डोक्यावरच्या आकाशात काही करताना आम्हाला कुणी विचारले का, एवढेच बहुतेकांना विचारायचे असते, आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा नाही असेच असते.

आतापर्यंतचे थोडक्यात असे: पट्ट्यांना बंदीने काही होत नाही, आणि ढगांतल्या बीजनाला परवाना, आगाऊ सूचना व उघड नोंदी यांची गरज आहे. तिसरी गोष्ट उरते, आणि तिच्याबाबत माझे मत पुष्कळ कडक आहे.

१५ जून १९९१ रोजी फिलिपिन्समधील पिनातुबो ज्वालामुखीने दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वातावरणाच्या स्थितांबर या, ढगांच्याही वरच्या, थरात फेकला. त्यापासून बनलेल्या सूक्ष्म कणांनी सूर्यप्रकाश परतवला आणि पुढच्या वर्षी पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. हेच आपण मुद्दाम, दरवर्षी, विमानांनी करावे अशी योजना मांडली जाते, आणि तापमान खरोखर उतरेल याबद्दल मला शंका नाही. परंतु पिनातुबोनंतर १९९२ मध्ये जगभर जमिनीवरचा पाऊसही लक्षणीय घटला. आपला मोसमी पाऊस जमीन आणि समुद्र यांच्या तापण्यातल्या फरकावर चालतो, आणि कण कोणत्या गोलार्धात किती सोडले यावर उष्णकटिबंधातला पावसाचा पट्टा सरकू शकतो, असे संगणकावरील प्रतिकृतींचे अभ्यास दाखवतात. फक्त उत्तर गोलार्धात सोडलेल्या कणांमुळे आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यात दुष्काळ पडू शकतो. शिवाय हे कण वर्ष-दोन वर्षांत खाली बसतात, म्हणजे एकदा सुरू केलेले काम दशकानुदशके चालू ठेवावे लागते, आणि युद्धामुळे किंवा पैशाअभावी ते मध्येच थांबले तर दडलेली सगळी तापमानवाढ थोड्याच वर्षांत अंगावर येते. सांगोल्याच्या शेतकऱ्याच्या पावसाबद्दलचा निर्णय कुठल्यातरी दूरच्या राजधानीत किंवा कंपनीच्या बैठकीत व्हावा, हे मला कोणत्याही परिस्थितीत मान्य नाही. प्रत्यक्ष वापरावर आंतरराष्ट्रीय मनाई असावी, या बाजूने मी आहे.

संशोधनावर मनाई असावी का, हे मात्र संशोधन कसले आहे त्यावर अवलंबून आहे. संगणकावरचे आणि प्रयोगशाळेतले काम थांबवण्यात काही अर्थ नाही, कारण धोका किती आहे हे आपल्याला त्यातूनच कळले आहे. उघड्यावरच्या छोट्या प्रयोगांना आधी संमती हवी. हार्वर्ड विद्यापीठाच्या एका गटाने २०२१ मध्ये स्वीडनमधील किरुना येथून एक फुगा सोडण्याचे ठरवले होते. त्या उड्डाणात कुठलाही पदार्थ सोडला जाणार नव्हता, पण त्या भागातील सामी या मूळनिवासी समाजाच्या परिषदेने आक्षेप घेतला, उड्डाण थांबले आणि २०२४ मध्ये सगळा प्रकल्पच बंद झाला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील अलामिडा शहराने एका जुन्या विमानवाहू नौकेवरून समुद्री मिठाचे तुषार उडवण्याचा प्रयोग थांबवला. आरोग्याला धोका असल्याचे आढळले नव्हते, पण शहराला प्रयोगाची माहिती नीट दिलीच गेली नव्हती. दोन्ही ठिकाणी लोकांचे म्हणणे मला रास्त वाटते. याउलट एका छोट्या अमेरिकी कंपनीने २०२२ मध्ये मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियात कुणालाही न विचारता सल्फर डायऑक्साइड भरलेले फुगे सोडले आणि पुढे असे फुगे सोडण्याचे पैसे घेऊ लागली. मेक्सिकोने जानेवारी २०२३ मध्ये अशा प्रयोगांवर बंदी आणण्याचे जाहीर केले ते योग्यच होते. अशा उद्योगाला कायद्याने रोखलेच पाहिजे.

आता आपल्या राज्याच्या कायद्याकडे पाहू. टेनेसीने २०२४ मध्ये पहिला कायदा केला, २०२५ मध्ये फ्लोरिडा आणि लुईझियाना यांनी केले. फ्लोरिडात पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख डॉलरपर्यंत दंड आहे. तेथे पूर्वी या कामासाठी परवान्याची पद्धत होती, ती नव्या कायद्याने मोडीत काढली. पर्यावरण खात्याने नागरिकांच्या तक्रारी घ्यायच्या आहेत, आणि हस्तक्षेपाची उपकरणे असलेली विमाने आल्यास सार्वजनिक विमानतळांनी राज्याला कळवायचे आहे. स्थितांबरातील कण काही आठवड्यांत पृथ्वीला वळसा घालतात, त्यामुळे ज्या धोक्याची मला खरी चिंता आहे तो राज्याच्या सीमेवर अडवता येत नाही. ज्या छोट्या कामावर देखरेख ठेवणे शक्य होते, त्याची देखरेख करणारी यंत्रणा मात्र गेली. फ्लोरिडात आज अशा मोहिमा चालू नसल्यामुळे तेथे प्रत्यक्ष नुकसान थोडे आहे. हाच मसुदा युटा किंवा आयडाहोसारख्या, हिवाळी बर्फ वाढवण्यासाठी दशकानुदशके बीजन करणाऱ्या कोरड्या राज्यांत गेला, तर परिणाम बराच मोठा होईल. विमानतळांच्या अहवालांची तरतूद मला चांगली वाटते, आणि ते अहवाल जाहीर झाले तर आपल्या शेजाऱ्यांची शंका माझ्या या उत्तरापेक्षा त्यांनीच अधिक दूर होईल.

भारतात सरसकट बंदी आणावी असे मला वाटत नाही, आणि आजच्यासारखे चालू द्यावे असेही वाटत नाही. येथे बीजनाच्या विमानाला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची परवानगी लागते, पण विमान सुरक्षित उडेल का यापलीकडे त्या परवानगीत फारसे काही नसते. मोहीम चालवणाऱ्यानेच तिच्या यशाचा दाखला द्यायचा, हे बंद व्हायला हवे, आणि तपासणी दुसऱ्या संस्थेकडे असावी. अतिवृष्टीचा इशारा लागताच काम आपोआप थांबावे, असा लेखी नियम असावा. स्थितांबरातील प्रयोगांबाबत भारताने आंतरराष्ट्रीय मंचावर प्रत्यक्ष वापराला स्पष्ट नकार द्यावा आणि त्याच वेळी मोसमी पावसावरील परिणामांचा अभ्यास स्वतः करावा, कारण तो अभ्यास दुसऱ्या कुणी आपल्यासाठी करून देणार नाही.

आपण आपल्या लोकप्रतिनिधींना पत्र लिहिणार असाल, तर कायदा रद्द करा अशी मागणी आज चालणार नाही. विमानतळांकडून आलेले अहवाल आणि नागरिकांच्या तक्रारींची तपासणी दरवर्षी प्रसिद्ध करा, आणि विद्यापीठांच्या नोंदणीकृत प्रयोगांना उघड सुनावणीनंतर सूट द्या, एवढ्या दोन मागण्या करा. बंधूंना सांगा की पुढच्या दुष्काळात विमान येणार असे जाहीर झाले की जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज देऊन तीन गोष्टी विचारा: उड्डाणांच्या आणि फ्लेअरच्या नोंदी मिळतील का, रडारची चित्रे मिळतील का, आणि मंडळनिहाय पर्जन्यमापकांच्या आकड्यांशी त्यांची तुलना कोण करणार आहे. या तिन्हींचे उत्तर नाही असे आले, तर तो खर्च करू नका अशी मागणी ग्रामसभेने ठराव करून करावी. त्यापेक्षा तो पैसा शेततळ्यांवर आणि टँकरवर लागलेला बरा, असे माझेही मत आहे.